जिताड्याच्या पिंजऱ्यांवर कंपनी आणि संशोधन संस्था मिळून ट्रायल करायची म्हणतायत, करारात काय बघायचं?

खाडीकाठ_देवगड

नमस्कार मंडळी. आम्ही अकरा जण आहोत, देवगड तालुक्यातल्या एका खाडीत आमचे सहा पिंजरे आहेत, जिताडा मासा वाढवतो (आमच्याकडे चोणक म्हणतात). सरकारच्या कांदळवन योजनेतून गटाला खर्चाचे ९० टक्के मिळाले, १० टक्के आम्ही घातले, यंदा दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी सहा हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली त्यातली चार हजाराच्या आत हाती लागली, त्यातही साइज एकसारखा नाही, काही किलोचे तर काही चारशे ग्रॅमवरच अडकलेले. तरी भाव बरा मिळाला म्हणून उत्साह टिकून आहे.

आता विषय असा की मासळीचं खाद्य बनवणारी एक कंपनी आणि एक संशोधन संस्था दोघं मिळून आमच्याकडे आले. त्यांचं म्हणणं की नवीन खाद्याची ट्रायल तुमच्या पिंजऱ्यांत करू, शिवाय पाण्यातला ऑक्सिजन, तापमान, खारटपणा मोजणारे सेन्सर लावू, मोबाइलवर सगळं दिसेल. बी, म्हणजे माशाची पिल्लं, ते देणार, खाद्य ते देणार, तयार मासा कंपनी उचलणार. ऐकायला चांगलं आहे. पण नऊ पानांचा इंग्रजी करार दिलाय आणि पंधरा दिवसांत सही करा म्हणतायत.

आमच्यातल्या एकाच्या पुतणीने वाचून सांगितलं त्यात तीन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे सगळी माहिती, म्हणजे आम्ही रोज लिहिणार ती मरतूक, वजन, खाद्य, ही कंपनी आणि संस्थेची, आमचा उल्लेखच नाही. दुसरं, मासे मेले तर कुणाचं नुकसान याबद्दल एक अक्षर नाही. तिसरं, मासा फक्त त्यांनाच द्यायचा, दर 'बाजारभावाप्रमाणे', आता कुठला बाजार, देवगडचा का मुंबईचा?

आणि मनात भीती आहे ती वेगळीच. चार-पाच वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या खाडीत एक असाच प्रकल्प आला होता. फोटो काढले, बोर्ड लावला, अधिकारी आले, प्रशिक्षण झालं, दोन वर्षांनी प्रकल्प संपला आणि पिंजरे तिथेच राहिले. ते पाइप गंजून आजही ओहोटीला दिसतात. त्या गटातली माणसं आता कुणी खाडीत पिंजरा लावतो म्हटलं की हसतात. आम्हाला ते व्हायचं नाहीये. नाही म्हणायचं मनात नाहीये कारण खाद्याचा प्रश्न खरोखर आमचाच आहे, पण हो म्हणताना काय सांभाळायचं ते कुणी अनुभवी माणसाने सांगावं.

फिशरीज_शिरगाव

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून (शिरगाव) एमएफएससी (मत्स्यशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) केलंय, नंतर तीन वर्षं तामिळनाडूत जिताड्याच्या हॅचरीत, म्हणजे बी तयार करतात तिथे, होते. आधी एक सांगते, तुम्ही विचारताय हेच फार चांगलं आहे, बहुतेक गट सही करून मोकळे होतात.

तिघांची गरज वेगवेगळी आहे हे आधी डोक्यात स्पष्ट ठेवा. कंपनीला दाखवायचंय की आमचं खाद्य खऱ्या खाडीत चालतं. संस्थेला आकडे पाहिजेत, त्यावर रिपोर्ट आणि पेपर होतो. तुम्हाला पाहिजे एकसारखा साइज आणि कमी मरतूक. यात कुणीच वाईट नाही, पण तुमची गरज करारात लिहिली नसेल तर ट्रायल त्या बाजूने आखलीच जाणार नाही.

आता ट्रायलबद्दल. त्यांना पहिला प्रश्न हा विचारा की तुलना कशाशी करणार? सहाच्या सहा पिंजऱ्यांत नवीन खाद्य घातलं आणि मासा चांगला वाढला तर काय कळलं? कदाचित यंदा पाणीच चांगलं होतं. तीन पिंजऱ्यांत नवीन आणि तीन पिंजऱ्यांत तुमचं नेहमीचं, असं पाहिजे. आणि तेही एका ओळीत तीन अन् दुसऱ्या ओळीत तीन असं नको कारण खाडीच्या तोंडाकडच्या पिंजऱ्यांना प्रवाह जास्त मिळतो, तिथला मासा कुठलंही खाद्य दिलं तरी चांगलाच वाढणार, म्हणून एक सोडून एक लावायचं. बी एकाच लॉटचं, सोडायच्या आधी ग्रेडिंग करून, म्हणजे आकाराप्रमाणे वेगळं करून, सगळ्या पिंजऱ्यांत सारखं वाटलेलं. जिताडा आपल्याच भावंडांना खातो हे तुम्हाला माहीतच आहे, तुमच्या पहिल्या वर्षीच्या मरतुकीतला मोठा भाग तोच असणार असं मला वाटतं, चारशे ग्रॅम आणि किलो एकाच पिंजऱ्यात म्हणजे ग्रेडिंग वेळेवर झालं नाही. सुरुवातीच्या दोन महिन्यांत दर आठ-दहा दिवसांनी मोठे वेगळे काढायलाच लागतात.

नोंदी काय ठेवायच्या तर रोज किती किलो खाद्य घातलं, किती मेले, आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पिंजऱ्यातले तीस मासे काढून वजन. यावरून खाद्याचा हिशोब निघतो, म्हणजे एक किलो मासा वाढवायला किती किलो खाद्य लागलं. तयार गोळी खाद्याला दीड ते दोन किलो पडतं. तुम्ही ताजे पेडवे, तारली कापून घालत असाल तर पाच ते सात किलो लागतात आणि पाणी खराब होतं ते वेगळंच.

थोडा मागचा इतिहास सांगते कारण त्यातून अपेक्षा ठरवता येतील. चेन्नईच्या सीबाने, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने, जिताड्याचं प्रजनन १९९७ साली यशस्वी केलं. कोचीच्या सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, २००७ मध्ये विशाखापट्टणमजवळ खुल्या समुद्रात पंधरा मीटर व्यासाचा पिंजरा टाकला, मग मच्छीमारांना झेपावा म्हणून सहा मीटरचा, जीआय पाइपचा स्वस्त पिंजरा आला. तामिळनाडूत मंडपमला त्यांच्याच केंद्रात २०१० मध्ये कोबिया माशाचं (गोव्यात मोदसो म्हणतात तो) आणि २०११ मध्ये सिल्व्हर पॉम्पानो माशाचं बी तयार झालं. म्हणजे संस्थांनी आपलं काम केलंय. पण १९९७ ला प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट आज कोकणातल्या गटाला सहज मिळते का? बी अजून टेंपोतून ऑक्सिजनच्या पिशव्यांत तामिळनाडूतून येतं. ही मधली दरी एकटी संस्था भरू शकत नाही आणि एकटी कंपनीही नाही, त्यासाठी तुमच्यासारखे गट लागतातच. म्हणून नाही म्हणू नका, पण पडती बाजू घेऊनही बसू नका, तुमच्याशिवाय त्यांची ट्रायल होत नाही.

आचऱ्याचो_तात्या

बाबांनू, कागद करा पण आधी गावाक विचारा. सगळ्यांना कळावं म्हणून पुढे मराठीत लिहितो.

मी चाळीस वर्षं होडीवर आहे, रापणीलाही (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होतो. पिंजऱ्याला माझा विरोध नाही, मासळी कमी झाली हे आम्ही रोज बघतो. पण तुमचे सहाचे बारा होणार, बाराचे तीस होणार, कंपनी आली की वाढणारच. खाडी कुणा एकाची नाही. होड्यांची वाट, कालवं काढणाऱ्या बायांच्या जागा, जाळी टाकायची ठिकाणं, ही कुठल्याच नकाशावर नसतात पण गावाला माहीत असतात. तुमच्या करारात जागेबद्दल काय लिहिलंय ते बघा. जागा वापरायची परवानगी तुमच्या गटाच्या नावावर आहे का उद्या ती कंपनीच्या नावावर होणार? हे एक वाक्य चुकलं तर तुम्ही तुमच्याच खाडीत मजूर व्हाल. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत करार मराठीत वाचून दाखवा, सगळ्यांसमोर, मग सही.

आणि ते गंजलेले पाइप तुम्ही सांगितलेत तसे मी पण बघितलेत. प्रकल्प संपल्यावर पिंजरे कोण काढणार, कुणाच्या पैशाने, हे आधी लिहून घ्या. रात्री होडी त्यावर आपटली तर कोण येणार आहे.

ट्रॉन्डहाइमची_मीरा

मूळची वेंगुर्ल्याची, गेली सहा वर्षं नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला मासेपालनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करते. इथली तुलना आपल्याशी सरळ होत नाही हे मान्य, इथे थंड पाणी, सॅल्मन, मोठा पैसा. पण उद्योग आणि संशोधन एकत्र कसं चालतं याबद्दल दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

इथेही सुरुवात घरगुतीच होती. १९७० च्या सुमारास हित्रा नावाच्या बेटावर दोन भावांनी तरंगत्या पिंजऱ्यात सॅल्मन वाढवून दाखवला, मग संशोधक निवड पद्धतीने चांगलं वाण तयार करायला लागले. पण ऐंशीच्या दशकात रोगांनी उद्योग मोडायची वेळ आली. १९८७ मध्ये नॉर्वेच्या मासेपालनात पन्नास टनांच्या आसपास अँटिबायोटिक वापरलं गेलं, आणि तेव्हा उत्पादन आजच्या मानाने अगदी थोडं होतं. मग लसींवर काम झालं. शेतकऱ्यांकडे आजारी मासे होते, पशुवैद्यक संस्थेकडे आणि विद्यापीठांकडे जंतूंचं ज्ञान होतं, कंपन्यांकडे लस बनवायची सोय होती, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेलात कालवलेली लस प्रत्येक लहान माशाला टोचायला लागले. लाखो माशांना एक एक करून! आज उत्पादन पंधरा लाख टनांच्या वर आहे आणि अँटिबायोटिक वर्षाला एक टनाच्या आत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच थक्क झाले होते. पिंजऱ्यावरच्या माणसाने मेलेला मासा फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवला म्हणून हे झालं, त्यामुळे तुमच्याकडे मरतूक झाली तर बर्फात ठेवून नमुना कुणाकडे पाठवायचा, तपासणीचा खर्च कुणाचा आणि रिपोर्ट किती दिवसांत तुम्हाला मिळणार हे करारात टाका.

दुसरी गोष्ट पैशाची. इथे मासळीच्या निर्यातीच्या किमतीवर ०.३ टक्के कर जातो तो संशोधनाच्या एका निधीत, २००१ पासून. पैसा उद्योगाचा म्हणून कुठल्या प्रश्नावर संशोधन व्हावं यात उद्योगाचं म्हणणं असतं, आणि निकाल सगळ्यांसाठी खुले. एकाच कंपनीने पैसे दिले की प्रश्नही तिचा आणि उत्तरही तिचं होतं, इथे तसं होत नाही. सिंधुदुर्गात आता किती गट पिंजरे करतायत? सगळ्यांनी विकलेल्या किलोमागे एक-दोन रुपये बाजूला काढले तर एखादा ऑक्सिजन मीटर, वर्षाला चार तपासण्या एवढं तरी कुणाच्या मेहेरबानीशिवाय होईल. मोठा आकडा नाही पण पुढच्या वेळी संस्थेकडे तुम्ही स्वतःचा प्रश्न घेऊन जाल.

तिसरी, माहितीची मालकी. इथे सॅल्मनला चिकटणाऱ्या उवा प्रत्येक फार्मने दर आठवड्याला मोजून सरकारला कळवायच्या असतात आणि ते आकडे फार्मच्या नावासकट वेबसाइटवर कुणालाही दिसतात. उवा एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातात त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा कळणं हा हक्कच आहे. मोठ्या प्रयोगांनाही हेच लागू, २०१७ मध्ये ओशन फार्म १ नावाचा ११० मीटर व्यासाचा पिंजरा खुल्या समुद्रात उभा राहिला, त्याला सरकारने खास परवाना दिला तो शिकलेलं इतरांना सांगायचं या अटीवरच. तुमचा करार म्हणतो आकडे तुमचे नाहीत. हे बदला. कच्चे आकडे, म्हणजे रोजची वही आणि सेन्सरची फाइल, दोन्हीची प्रत गटाकडे राहणारच आणि गट ती कुणालाही दाखवू शकतो. कंपनीच्या खाद्यात काय काय घातलंय ते गुप्त राहू दे, त्याला हरकत नाही, पण तुमच्या पाण्यात काय झालं ते तुमचं आहे.

कारवारची_सून

मी रत्नागिरीची, लग्नानंतर कारवारला. आमच्या बायकांच्या गटाने दोन हंगाम पिंजरे केलेत त्यामुळे कराराबद्दल नाही पण पाण्यातल्या गोष्टी सांगते ज्या नऊ पानांत कधीच नसतात.

सेन्सर. आमच्याकडेही लावला होता, दिसायला छान, पण खाऱ्या पाण्यात आठवडाभरात त्याच्यावर शेवाळ चढतं, मग बारीक कालवं बसतात आणि आकडा चुकायला लागतो. आमच्या मोबाइलवर ऑक्सिजन सहा दाखवत होता आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून होते! तेव्हापासून आमचा विश्वास डोळ्यांवर. सेन्सर कोण साफ करणार, कोण तपासून जुळवणार, बिघडला तर किती दिवसांत माणूस येणार, ते विचारा. तुमच्याच पोरांनी साफ करायचा तर त्याची मजुरी लिहा. फुकटची मेहनत कुणी मोजत नाही, शेवटी नफ्याचा हिशोब मांडतात तेव्हा ती धरलेलीच नसते आणि मग कागदावर ट्रायल फायद्यात.

भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) पाणी हलत नाही, तेव्हा पहाटे चार ते सहा सगळ्यात वाईट वेळ. ऑक्सिजन लिटरला चार मिलिग्रॅमच्या खाली गेला की त्या दिवशी खाद्य घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. इथे खरी अडचण येते, ट्रायलमध्ये ठरलंय की रोज इतकं खाद्य घालायचं, आणि तुम्हाला दिसतंय की आज घालू नये. शेवटचा शब्द कुणाचा? आमच्याकडे तो आमचा नव्हता आणि एका पहाटे साडेतीनशे मासे गेले. पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आम्ही टोपल्या भरून काढले आणि कुणी काही बोललं नाही. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. तो अधिकार तुमच्याकडे ठेवा.

हूद (पाणमांजरं) आहेत का तुमच्याकडे? आमच्या खाडीत आहेत, जाळं फाडून खातात. त्यांना मारायचं नाही, कायद्याने संरक्षण आहे आणि त्यांचीही खाडी आहे. बाहेरून जाड दोऱ्याचं दुसरं जाळं लावायचं, दोन जाळ्यांत हातभर अंतर. त्याचा खर्च कुठल्याही प्रोजेक्टमध्ये नसतो, मागून घ्या.

आणि पाऊस. जूनमध्ये गोडं पाणी आलं की जिताडा टिकतो, पण वाहून येणारे ओंडके आणि गढूळ पाणी यांनी जाळं जातं. ट्रायलचं वेळापत्रक ऑफिसच्या मार्च-एप्रिलवर ठरवू देऊ नका. आमचं बी मंजुरीच्या नादात जानेवारीत आलं आणि पावसाळा आला तेव्हा मासा जेमतेम तीनशे ग्रॅमचा.

खाडीकाठ_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री अकराच्या अकरा जण बसून एकेक उत्तर मोठ्याने वाचलं. साडेतीनशे माशांचं वाचल्यावर थोडा वेळ कुणी बोललंच नाही.

तात्या, जागेचं कलम बघितलं, पान सातवर आहे, 'कंपनी किंवा तिने नेमलेल्या संस्थेस जागा वापरण्याचा अधिकार' असं काहीतरी. आमच्या लक्षातच आलं नव्हतं. हॅचरीवाल्या ताईंना एक विचारायचंय, नुकसानभरपाई मागायची तर ती कशी मांडायची? मासे मेले म्हणजे खाद्यामुळेच मेले हे सिद्ध कोण करणार?

फिशरीज_शिरगाव

म्हणूनच तीन-तीन पिंजरे. सिद्ध करायला कोर्टात जायला नको. तुमच्या नेहमीच्या खाद्याच्या पिंजऱ्यांत जेवढी मरतूक झाली त्याच्यापेक्षा ट्रायलच्या पिंजऱ्यांत जेवढी जास्त, तेवढ्या माशांची किंमत कंपनी देईल, वजन शेवटच्या पंधरवड्याच्या सरासरीप्रमाणे. दोन्हीकडे सारखीच मरतूक असेल तर तो पाण्याचा दोष, ते नुकसान तुमचं. हे न्याय्य आहे आणि खाद्यावर विश्वास असलेल्या कंपनीने मान्य करायला हरकत नसावी.

दराबद्दल, 'बाजारभाव' नको. मालवण किंवा देवगडच्या लिलावातला त्या दिवशीचा दर, आणि दुसरा कुणी जास्त देत असेल तर त्याला विकायची मोकळीक. आणि काळ. एका हंगामावर काही ठरत नाही. जपानमध्ये किंदाई विद्यापीठाने ब्लूफिन टुनावर १९७० मध्ये काम सुरू केलं आणि अंड्यापासून परत अंड्यापर्यंतचं पूर्ण चक्र २००२ मध्ये जमलं, मधली बत्तीस वर्षं ते दुसरे मासे वाढवून विकत होते आणि त्यावर खर्च भागवत होते. तुम्हाला बत्तीस वर्षं थांबायचं नाहीये पण निदान दोन हंगाम मागा, आणि दुसऱ्या हंगामात पहिल्याच्या आकड्यांवरून काय बदलायचं ते ठरवायच्या बैठकीत तुमचे दोन प्रतिनिधी, मत देण्याच्या अधिकारासह.

संस्थेशी वेगळं बोला. कंपनी समोर नसताना. सरकारी संस्थांमध्ये तंत्रज्ञान हस्तांतरणाचं काम बघणारा विभाग असतो, त्यांच्याकडे मसुदे तयार असतात, शेतकरी गटासाठी मराठी प्रत द्या म्हणून लेखी मागा. बहुतेक शास्त्रज्ञांना तुमचं बरंच व्हायला पाहिजे असतं, पण त्यांनाही कुणीतरी लेखी मागितल्याशिवाय वर काही नेता येत नाही.

खाडीकाठ_देवगड

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

सोसायटीच्या बैठकीत करार मराठीत वाचला, पुतणीनेच भाषांतर केलं, दोन तास लागले. कालवं काढणाऱ्या बायांनी सांगितलं की चौथा आणि पाचवा पिंजरा त्यांच्या वाटेत येतो, आम्हाला दोन वर्षं कुणी बोललंच नव्हतं. ते दोन आता वर सरकवतोय.

संस्थेतल्या शास्त्रज्ञ बाई स्वतः खाडीवर आल्या, कंपनीशिवाय. तीन-तीनचं म्हटल्यावर म्हणाल्या माझी पण तीच इच्छा होती पण बजेट सहा पिंजऱ्यांच्या खाद्याचं दिलंय म्हणून गप्प होते. एक सोडून एक लावायचं त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. जागेचं कलम काढलं. वहीची आणि सेन्सरच्या फाइलची प्रत आमच्याकडे राहणार. वाईट दिवशी खाद्य थांबवायचा अधिकार आमचा, फक्त त्याच दिवशी फोन करून कळवायचं. प्रकल्प संपल्यावर पिंजरे काढून नेण्याचा खर्च कंपनीकडे, त्यासाठी काही रक्कम आधीच बँकेत ठेवणार. बाहेरच्या जाळ्याचे पैसे अर्धे अर्धे.

भरपाईवर अजून अडलंय. कंपनी म्हणते पहिला हंगाम भरपाई नको, दुसऱ्यापासून बघू. आम्ही नाही म्हटलंय. अकरा जणांत दोघं म्हणतात सोडून द्या, एवढं मिळालं ना, पण बाकीचे ठाम आहेत कारण बोटुकलीचे पैसे त्यांचे असले तरी आठ महिन्यांची पहाट आमची आहे. सोमवारी परत बैठक आहे. नाही जमलं तर तीन पिंजरे आमच्याच खर्चाने करू आणि बाई म्हणाल्यात की त्या तेवढ्यासाठीही वजनाला येतील.

मीराताई, किलोमागे दोन रुपयांचं बाकी दोन गटांना विचारलं. एक गट हो म्हणालाय. ऑक्सिजन मीटर कुठला घ्यावा, खाऱ्या पाण्यात टिकणारा, कुणाला माहीत असेल तर सांगा, बी यायच्या आधी घ्यायचाय.